झेड ड्राइव्हवरची लाल फुली आणि तिच्यामागची ४० वर्षं

२०२५ च्या डिसेंबरात, हिवाळी अधिवेशन भरलेलं असताना, नागपूरच्या धंतोलीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसातून सकाळीच फोन आला. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांसाठी अडवलेले होते, त्यामुळे लांबून फिरून पोचायला अकरा वाजले. ऑफिसात पाच डेस्कटॉप आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली दोन हार्डडिस्कचा एक स्टोरेज बॉक्स. त्या बॉक्सला तिथे सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात आणि कामापुरतं ते खरंही आहे. सगळ्या अशिलांची पंधरा वर्षांची कागदपत्रं त्यातच आहेत आणि प्रत्येक डेस्कटॉपवर तो झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो.

चार जुन्या मशीनवर झेड व्यवस्थित उघडत होता. पाचवं मशीन नवं होतं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट संपला, म्हणून घेतलेलं, विंडोज ११ प्रो टाकलेलं. त्याच्यावर झेड मॅप करायला, म्हणजे त्या बॉक्सला झेड हे अक्षर जोडून द्यायला, गेलं की एक लांबलचक मेसेज यायचा. त्याचा अर्थ असा, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न पटलेल्या पाहुण्याला या शेअर्ड फोल्डरमध्ये जाता येणार नाही.

त्या ऑफिसात तीस वर्षं हिशेब बघणारे एक काकाजी आहेत. त्यांनी तो मेसेज माझ्याकडून समजून घेतला आणि विचारलं, “आमच्या ऑफिसात धोरण कोण ठरवते जी? सर तं म्हणते मी काहीच नाही केलं. कालपर्यंत तं या बाकीच्या चारवर चालूनच राहिलं ना!”

धोरण तिथल्या कोणीच ठरवलं नव्हतं, हे काकाजींचं म्हणणं बरोबर होतं. ते कुठून आलं याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, कारण ते चाळीस वर्षांत थरावर थर साचून तयार झालं आहे. नेटवर्क ड्राइव्हच्या प्रत्येक बिघाडाचं असंच असतं. मी १९९६ पासून हे काम करतोय. बिघाड कुठल्या काळातल्या थरात आहे ते एकदा कळलं, की दुरुस्ती बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते. ते कळलं नाही, तर माणूस दिवसभर केबल उपसत बसतो.

ड्राइव्हला अक्षर का असतं

सुरुवात अक्षरापासूनच करू. गॅरी किल्डाल यांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फ्लॉपी ड्राइव्हना ए, बी अशी अक्षरं होती. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्याच्यासोबतच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमने तीच पद्धत उचलली. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये १० मेगाबाइटची हार्डडिस्क आली आणि ए, बी या फ्लॉपींनंतरचं सी अक्षर तिला मिळालं. आजच्या मशीनमध्ये फ्लॉपी कुठेच नाही, तरी विंडोज सी ड्राइव्हवरच असतं ते यामुळे.

डॉसला कुठलंही वेगळं सेटिंग न करता ई पर्यंतचीच अक्षरं माहीत असायची. नॉव्हेलचं नेटवेअर तेव्हा ऑफिसांमधलं सगळ्यात चलतीचं नेटवर्क होतं. त्याने सर्व्हरसाठी पुढचं मोकळं अक्षर घेतलं, ते एफ. त्या काळात काम केलेल्या माणसाची बोटं आजही ‘एफ’ आणि ‘लॉगिन’ एका दमात टाइप करतात. नेटवेअरमध्ये प्रोग्रॅम शोधायचे ड्राइव्ह मात्र उलट्या बाजूने, झेडपासून मागे यायचे. आजचं विंडोजही ड्राइव्ह मॅप करताना आपणहून झेडच सुचवतं. कारण सोपं आहे: पुढची अक्षरं पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर खाऊन टाकतात, शेवटची मोकळी राहतात. ज्यांनी सर्व्हर ई किंवा एफवर मॅप केलेला असतो, त्यांच्याकडे पेनड्राइव्ह लावला की घोटाळा होतो. ‘एरर ८५’ येतो, म्हणजे ते अक्षर आधीच दुसऱ्या कोणाला दिलेलं आहे.

फोनवरून पत्ता सांगताना ज्याने सगळ्यांना त्रास होतो, त्या दोन उलट्या तिरक्या रेघाही इथल्याच. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत सरळ तिरकी रेघ कमांडचे पर्याय लिहायला वापरात होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ मोकळी नव्हती, म्हणून उलटी घेतली. नंतर दुसऱ्या मशीनचं नाव ओळखू यावं म्हणून सुरुवातीला दोन उलट्या रेघा आल्या.

अक्षर देण्यात एक मोठी सोय होती. हिशेबाच्या प्रोग्रॅमला फाइल आपल्याच डिस्कवर आहे की दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर, हे कळायची गरजच उरली नाही. नागपूरसारख्या शहराला ते फार मानवलं. १९५६ पर्यंत हे आधी मध्य प्रांताच्या, मग जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचं गाव. महालेखाकारांचं कार्यालय, रिझर्व्ह बँक, हायकोर्टाचं खंडपीठ, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय, अशी फायलींवर चालणारी कार्यालयं इथे पिढ्यान्पिढ्या आहेत, आणि त्यांच्या भोवती वकील, सीए, ठेकेदार यांची शेकडो छोटी ऑफिसं. या सगळ्यांना मधल्या खोलीतलं सामायिक कपाट कळतं. नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे तेच कपाट. फक्त या कपाटाला सुरुवातीला कुलूपच नव्हतं, आणि पुढची सगळी गोष्ट त्याची आहे.

एरर ५३ चं वय

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधले बॅरी फायगेनबॉम यांनी एक युक्ती लिहिली. प्रोग्रॅम डॉसकडे ‘ही फाइल उघड, एवढं वाच, इथे लिही’ अशा विनंत्या करतो. त्या विनंत्या मध्येच पकडायच्या, वायरवरून दुसऱ्या मशीनला पाठवायच्या आणि उत्तर आणून प्रोग्रॅमच्या हातात द्यायचं. मशीनच्या आपसातल्या या बोलीला त्यांनी आधी स्वतःच्या नावाची आद्याक्षरं, बीएएफ, दिली होती. पुढे ती सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजे एसएमबी, झाली. १९८४ मध्ये आयबीएमचं पीसी नेटवर्क आलं, त्यापाठोपाठ डॉस ३.१ मध्ये नेटवर्क ड्राइव्हची सोय आली. आज तुमच्या डेस्कटॉपवरचा झेड ड्राइव्ह त्याच बोलीची बरीच सुधारलेली आवृत्ती बोलतो.

डॉसच्या त्या आवृत्तीत चुकांचे क्रमांकही ठरले. ५३ म्हणजे नेटवर्कवर तो पत्ताच सापडला नाही. ६७ म्हणजे मशीन सापडलं, पण त्या नावाचं शेअर, म्हणजे इतरांसाठी उघडं केलेलं फोल्डर, नाही. ८५ वर सांगितलाच. ८६ म्हणजे पासवर्ड चुकीचा. ७१ म्हणजे समोरच्याने आणखी जोडणी घ्यायला नकार दिला. हे क्रमांक विंडोज ११ मध्येही तेच आहेत. विंडोजच्या खिडकीत दिसणारा ०एक्स८००७००३५ हा भीतिदायक आकडा घ्या. त्याच्या शेवटचे दोन आकडे, ३५, सोळाच्या पायावरच्या मोजणीतले आहेत. दहाच्या मोजणीत ते ५३ होतात, म्हणजे हा आपला जुना ५३ च आहे. आकडा हजाराच्या वर असेल, उदाहरणार्थ १२१९ किंवा १३२६, तर तो १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीच्या वंशातला, आणि तिथे प्रश्न जवळजवळ नेहमी ओळखीचा असतो: तुम्ही कोण, तुमचा पासवर्ड काय. म्हणून मी फोनवर आधी विचारतो, “आकडा काय दिसतोय?” दोन आकडी असेल तर वायर, पत्ता, नाव बघायचं. चार आकडी असेल तर वायरीला हात लावायचा नाही.

त्या काळातली वायर हा वेगळाच अनुभव होता. सीताबर्डीवर मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात एक पितळी टोपण दिलं आणि म्हणाले, हे हरवलं तर पूर्ण ऑफिस बंद. ते टर्मिनेटर होतं, ५० ओहमचं. तेव्हा टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी एकच कोअॅक्सियल तार एका मशीनपासून दुसऱ्याकडे जायची, जास्तीत जास्त १८५ मीटर, आणि दोन्ही टोकांना हे टोपण लागायचं. ते नसेल तर सिग्नल टोकावर आपटून परत यायचा आणि सगळ्याच मशीनचं बोलणं बिघडायचं. एखाद्याने झाडू मारताना टी-कनेक्टर हलवला, तरी चौघांचं काम थांबायचं. आज प्रत्येक मशीनची वायर स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यापर्यंत, वेगळी जाते, १०० मीटरपर्यंत, त्यामुळे बिघाड एकट्याचा राहतो. उंदीर मात्र तेव्हाही होते आणि आजही आहेत. खरंच सांगतो, ‘एरर ५३’ च्या कितीतरी तक्रारी खोट्या छताच्या वर, कुरतडलेल्या वायरीपाशी संपल्या आहेत. म्हणून स्विचवरचा हिरवा दिवा आधी बघावा.

हाक मारणारी मशीन

वायर धड असूनही ५३ येतो, तेव्हा बहुतेक वेळा गडबड नावाची असते. पीसी नेटवर्कसोबत नेटबायोस नावाची एक व्यवस्था आली. त्यात मशीनला नाव द्यायचं, १५ अक्षरांपर्यंतचं. सोळावी जागा राखीव होती, ते मशीन काय काम करतं हे सांगण्यासाठी. एका मशीनला दुसरं शोधायचं असेल तर ते वायरवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायचं, आणि ज्याचं ते नाव असेल ते ‘ओ’ द्यायचं. इतवारीच्या गल्लीत हमालाला नावाने हाक मारावी तसंच. ओ देणारा खरंच तोच आहे का, हे कोणी तपासत नव्हतं. पाच-दहा मशीनच्या ऑफिसात ते कोणाला खटकलंही नाही.

१९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ने ही हाकांची व्यवस्था घराघरांत, दुकानादुकानांत नेली. ‘नेटवर्क नेबरहूड’मध्ये शेजारच्या मशीनची यादी दिसायला लागली ती १९९५ च्या विंडोजमध्ये. ही यादी कोण ठेवतं? मशीनच आपसात निवडणूक घेऊन एकाला यादी ठेवायचं काम द्यायची. प्रत्येक मशीन दर १२ मिनिटांनी ‘मी आहे’ म्हणून सांगायचं. तीन वेळा सांगितलं नाही तर नाव कापलं जायचं. कापलेलं नाव यादीची नक्कल ठेवणाऱ्या मदतनीस मशीनपर्यंत पोचायला आणखी १५ मिनिटं लागू शकायची. म्हणजे बंद झालेलं मशीन ५१ मिनिटांपर्यंत यादीत जिवंत दिसायचं, आणि नुकतं चालू झालेलं बराच वेळ दिसायचं नाही. यादी ठेवणारं मशीन कोणीतरी घरी जाताना बंद केलं की पुन्हा निवडणूक. “दिसतंय पण उघडत नाही” आणि “उघडतंय पण दिसत नाही” या दोन तक्रारींनी माझी पहिली दहा वर्षं व्यापली होती.

या हाका नेटवर्कच्या एकाच तुकड्यापुरत्या पोचायच्या, राउटरच्या पलीकडे जायच्या नाहीत. १९८७ मध्ये त्या टीसीपी/आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या बोलीवर, कशा चालवायच्या हे ठरलं, तिथून १३७, १३८, १३९ हे पोर्ट, म्हणजे मशीनची क्रमांक दिलेली दारं, आले. विंडोज २००० ने नेटबायोस वगळून थेट ४४५ या पोर्टवर बोलायची सोय केली आणि नाव शोधायचं काम डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे, द्यायला सुरुवात केली. जुनं काढलं मात्र कोणीच नाही, वरती नवं ठेवत गेले. म्हणूनच आजही सगळ्यात उपयोगी चाचणी हीच आहे: सर्व्हरचं नाव सोडून त्याचा आयपी पत्ता टाकून बघा. पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर वायर, स्विच, पासवर्ड सगळं ठीक आहे. फक्त नाव सांगणारा चुकतोय.

पासवर्डचं पहिलं अक्षर

आता कुलपाची गोष्ट. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये फोल्डर शेअर करताना त्याच फोल्डरला पासवर्ड द्यायची सोय होती. माणूस कोण आहे याला महत्त्व नव्हतं, पासवर्ड माहीत असला की झालं. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यातल्या एका दोषावर दुरुस्ती काढली. दोष असा होता, की पासवर्ड किती अक्षरांचा तपासायचा हे विचारणारं मशीन स्वतःच सांगायचं. त्याने ‘एकच अक्षर तपास’ म्हटलं तर पहिलं अक्षर जुळलं की दार उघडायचं. पासवर्ड कितीही मोठा ठेवा, अंदाज एकाच अक्षराचा बांधायचा. हे वाचलं तेव्हा मी गांधीबागेतल्या आमच्या दोन कापड व्यापाऱ्यांकडे लगेच गेलो होतो, कारण त्यांचं पूर्ण उधारीचं खातं त्या पद्धतीने शेअर केलेलं होतं.

त्याआधीही एक मोडतोड होऊन गेली होती. सुरुवातीला पासवर्ड वायरवरून उघडाच जायचा. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे दुरुस्त्यांच्या गठ्ठ्याने, उघडा पासवर्ड पाठवणं बंद केलं, आणि एका रात्रीत कित्येक ऑफिसांतले युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचे सर्व्हर उघडेनासे झाले. सर्व्हरवर कोणी काही बदललं नव्हतं, डेस्कटॉपवरही कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. एका अपडेटने जुना भोळेपणा काढून घेतला होता. धंतोलीतला प्रकार बघून मला तेच आठवलं.

त्या युनिक्स सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी सांबा असायचं, म्हणजे युनिक्सला एसएमबी बोलायला लावणारा फुकट प्रोग्रॅम. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या डिसेंबरात ते लिहायला घेतलं. त्यांना डॉसच्या पीसीवरून युनिक्सची डिस्क वापरायची होती. बोलीचं व्याकरण हातात नव्हतं, म्हणून वायरवरून जाणारे तुकडे बघत बघत, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर जातं हे टिपत त्यांनी सर्व्हर उभा केला. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं त्या क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यात ‘सांबा’ मिळालं. मायक्रोसॉफ्टकडून अधिकृत माहितीचे कागद या मंडळींना मिळाले थेट २००७ च्या डिसेंबरात, युरोपियन कमिशनच्या २००४ च्या निकालामुळे. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्टोरेज बॉक्सच्या पोटात सांबाच असतं. या माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. त्यांच्यामुळे विदर्भातल्या किती छोट्या ऑफिसांना लायसन्सचे पैसे न भरता सर्व्हर मिळाला, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

पाहुणा म्हणून आत

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांची एक सवय पक्की झाली. एक्सपीची सोपी शेअरिंग पद्धत चालू असली, की नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणा, धरला जायचा. नाव नाही, पासवर्ड नाही, फोल्डरवर उजवं क्लिक करून शेअर केलं की काम चालू. त्यातलंच एक मशीन ‘सर्व्हर’ व्हायचं. एक्सपी प्रोफेशनलला एका वेळी दहाच जोडण्यांची परवानगी होती, त्यामुळे ऑफिस वाढून अकरावा माणूस आला की त्याला ७१ चा नकार यायचा. तो चहाला उठलेल्या कोणाची तरी जोडणी सुटायची वाट बघायचा.

त्याच एक्सपीने एक नियम गुपचूप घातला: ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याने नेटवर्कवरून यायचं नाही. आपल्याकडे तर पासवर्ड न ठेवणं हीच रीत. ‘एरर १३२७’ दिसला की आजही मी पहिल्यांदा हेच विचारतो. २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत, आपोआप चालू केली. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून मशीन प्रत्येक नेटवर्कला ‘खासगी’ किंवा ‘सार्वजनिक’ ठरवायला लागलं. ब्रॉडबँडवाल्याने राउटर बदलला की विंडोजला ते नवंच नेटवर्क वाटतं, ते त्याला सार्वजनिक ठरवतं, आणि शेअरिंग बंद. “इंटरनेट चांगलं चालतंय, पण सर्व्हर पकडत नाही,” अशी तक्रार आली की राउटर कधी बदलला ते विचारावं.

आणि लाल फुली. त्या वर्षांत विदर्भातलं भारनियमन किती तासांचं होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. लाइट आली की सगळी मशीन एकदम चालू व्हायची. एक्सपीपासून विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून नेटवर्कची वाट बघत नाही, आणि सर्व्हर तर उठायला डेस्कटॉपपेक्षा जास्त वेळ घेतो. मग सगळे ड्राइव्ह जोडता आले नाहीत असा मेसेज आणि झेडवर लाल फुली. त्यावर दोनदा क्लिक केलं की बहुतेक वेळा तो उघडतोच. तीच फुली दुपारच्या जेवणानंतरही दिसते, कारण विंडोजचा सर्व्हर १५ मिनिटं रिकामी पडलेली जोडणी आपणहून तोडतो. ती फुली बिघाडाची नाही. पण तिला घाबरून ड्राइव्ह काढून पुन्हा मॅप करणारे आणि त्यात जुना पासवर्ड गमावून बसणारे लोक मी दर महिन्याला बघतो.

जिथे डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवर ठेवायची व्यवस्था, आहे तिथे २००० पासून कर्बेरोस नावाची ओळख-पद्धत आहे, आणि तिला घड्याळ लागतं. सर्व्हर आणि डेस्कटॉपच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर ती ओळख देत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एका कॉलेजच्या लॅबमधली सहा मशीन अशी अडली होती. मदरबोर्डवरचे बटणाएवढे सेल संपून त्यांची घड्याळं कित्येक वर्षं मागे गेली होती.

१२ मे २०१७

तो शुक्रवार होता. वॉनाक्राय नावाचा किडा त्या दिवशी सुटला आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांत दोन लाखांहून जास्त मशीनमध्ये गेला. इंग्लंडची सरकारी हॉस्पिटलं अडली. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम आधीही होते. हा मात्र कोणी ईमेल उघडायची वाट बघत नव्हता, एका मशीनमधून शेजारच्यात आपणहून शिरत होता. शिरायची वाट होती पोर्ट ४४५, आणि दोष होता एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून फुटलेलं हत्यार त्यात वापरलं होतं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती, पण ती टाकतो कोण? जूनच्या शेवटी त्याच वाटेने नॉटपेट्या नावाचा दुसरा किडा आला आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही थांबलं.

नागपुरात मे महिन्यातला तो शनिवार मी स्कूटरवर काढला. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार म्हणून सगळी ऑफिसं डेटा नव्या पद्धतीत न्यायच्या घाईत होती, कूलरसमोर बसून रात्री उशिरापर्यंत काम चालायचं. मी जाऊन आधी स्विचची वायर काढायचो, मग एकेका मशीनवर दुरुस्ती टाकायचो. काही ठिकाणी लोक रागावले. त्यांचं बरोबर होतं, काम थांबत होतं. पण ज्या बोलीत ओ देणारा कोण हे विचारायची पद्धतच नीट नव्हती, तिच्यावर पंधरा-वीस वर्षांचे हिशेब ठेवून आपण बसलो होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं.

व्हिस्टासोबत एसएमबीची दुसरी आवृत्ती येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. तिने शंभराहून जास्त जुन्या कमांडच्या जागी १९ च ठेवल्या. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत डेटा वायरवरून गुप्त लिपीत पाठवता यायला लागला. पण पहिली आवृत्ती काढून टाकायचं धाडस कोणी करत नव्हतं, कारण कुठे ना कुठे एक जुनं कॉपियर किंवा बॉक्स तीच बोलत असे. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० पासून ती नव्या मशीनमध्ये मुळातच बंद झाली. त्याच वेळी मोठ्या संस्थांसाठीच्या आवृत्त्यांत पाहुणा म्हणून आत जाणंही बंद झालं. साध्या प्रो आवृत्तीत मात्र ते सात वर्षं चालू राहिलं.

ऑक्टोबर २०२४ च्या विंडोज ११ च्या अपडेटने प्रो आवृत्तीतही ते दार लावलं आणि सोबत आणखी एक अट घातली: जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर सही हवी. मधल्या कोणीतरी मजकूर बदलला तर सही जुळणार नाही, अशी ती योजना. सही करायची किल्ली तयार होते ती माणसाच्या लॉगिनमधून. पाहुण्याला पासवर्ड नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. हे दोन नियम एकत्र आले की पाहुण्याला जागाच उरत नाही.

काकाजींना मी उत्तर दिलं ते एवढंच, की धोरण इथलं नाही, मशीनसोबत आलेलं आहे, आणि आपले बाकीचे चार जण इतकी वर्षं पाहुणे म्हणून आत जात होते. त्यांना ते पटलं नाही. “तीस वर्षांपासून मी इथं, अन् मी पाहुणा?” सरांनी विचारलं, हा नियम बंद करता येत नाही का? येतो. सेटिंग आहे, दोन मिनिटांचं काम आहे, आणि शोधलं तर सगळीकडे तोच उपाय पहिला सापडतो. मी ते करून द्यायला नकार दिला. त्या बॉक्समध्ये तीनशे-चारशे लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील होते, आणि ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड खालच्या झेरॉक्सवाल्याकडेही होता.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये पाच माणसांची पाच खाती केली, प्रत्येकाला आपला पासवर्ड. नवं मशीन लगेच आत गेलं. जुन्या चारवर ‘एरर १२१९’ आला, कारण विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं, आणि तिथे पाहुण्याची जुनी जोडणी अजून उघडी होती. ‘नेट यूज’ कमांडने त्या दिसल्या, तोडल्या, साठवलेले जुने पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमधून काढले, लॉगऑफ करून परत आलो. दीडच्या आत पाचही मशीनवर झेड होता.

मग बॉक्सवर एसएमबीची पहिली आवृत्ती बंद केली आणि दारापाशी ठेवलेल्या मोठ्या कॉपियरवरून झेडमध्ये होणारं स्कॅनिंग थांबलं. त्याच्या मेन्यूत दुसरी आवृत्ती नाहीच. मशीन बदलायचं तर तेव्हा नाही, ३१ डिसेंबरच्या आत रिटर्न भरायचे होते. म्हणून स्कॅन पेनड्राइव्हवर जायला लागले, आणि काकाजी ते स्वतःच्या नावाने लॉगिन करून झेडवर नेऊन ठेवायला लागले.